रंगारी बोळातलं विरजण

रंगारी बोळातल्या बायकांनी डॉक्टर केतकी हिंगमिरेला कधी डॉक्टर म्हटलंच नाही. ती करंजपूर महापालिकेच्या वास्तव्य विभागाची प्रमुख शास्त्रज्ञ झाली, तिला न्यायला-आणायला गाडी येऊ लागली, वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला, तरी बोळाच्या लेखी ती शैलाची केतूच राहिली. त्यामुळे सर्वेक्षणाच्या डब्या घेऊन ती स्वतः बोळात आली तेव्हा तिची यथेच्छ चेष्टा झाली.

पालिकेचं मागणंच तसं होतं. घरातल्या प्रत्येकाने तोंडात फिरवलेली कापसाची एक काडी द्यायची आणि सकाळचा चिमूटभर मैला छोट्या डबीत बंद करून द्यायचा. लोहारांची सुरेखा ओट्यावर गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "तुझी दुपटी आम्ही धुतली केतू, पण पालिकेत नेऊन मोजली नव्हती हो." सगळा ओटा हसला. पुराणिककाकूंनी काडीचं पाकीट आधी कुणी उघडलं होतं का याची कसून चौकशी केली, आणि मग देवघराकडे पाठ करून काडी तोंडात घातली. बोळाच्या टोकाला राहणाऱ्या मेहरूनचाचीने काहीही न विचारता डबी भरून दिली. केतकी आपल्या आईच्या घरासमोरून दोनदा गेली. दाराला कुलूप होतं, किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. तिने ते उघडलं नाही.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. शहराच्या पश्चिमेला बॅटऱ्यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागून बाहेरगावचे इंजिनिअर आले. त्यांना घरं हवी होती आणि मागतील तेवढं भाडं द्यायची त्यांची तयारी होती. दोन-दोन पिढ्या भाड्याने राहिलेली माणसं एकेक करून शहराबाहेर फेकली जाऊ लागली. आधी कासार आळी ओस पडली, मग मंगळवार पेठेतली निम्मी घरं गेली. माणसं गेली तशी त्यांची गिरणी गेली, शिंप्याचं दुकान गेलं, सकाळी दारात येणारा पाववाला गेला. पालिकेला जाग आली ती उशिरा, पण आली. जे कुटुंब आपल्या वस्तीत खरोखर रुजलेलं आहे त्याचं भाडं वाढवता येणार नाही आणि त्याला घर सोडायला लावता येणार नाही, असा नियम झाला.

पण रुजलेलं कोण, हे ठरवायचं कसं? वीजबिलं, रेशनकार्डं, जुने करारनामे, सगळं बाजारात विकत मिळू लागलं. मालकांनी खोटे भाडेकरू उभे केले आणि खऱ्यांच्या जुन्या पावत्या नाहीशा झाल्या. तेव्हा केतकीने पालिकेपुढे एक वेगळाच साक्षीदार उभा केला.

माणसाच्या तोंडात आणि आतड्यात अब्जावधी जिवाणू मुक्कामाला असतात. त्यांच्या जाती बहुतेक सगळ्यांत त्याच असतात, पण एकेका जातीचे अगणित वाण असतात, जसे भात एकच पण त्याचे वाण गावागणिक वेगळे. जी माणसं एका पातेल्यातलं खातात, एकमेकांची पोरं कडेवर घेतात, वर्षानुवर्षं एका ओट्यावर बसून बोलतात, त्यांचे वाण एकमेकांकडे जातात आणि तिथेच वस्ती करतात. नव्या माणसाला ते लागायला वर्षं जातात. शेजार असा हळूहळू माणसाच्या अंगात उतरत असतो. आता प्रत्येक वाणाची जनुकीय लिपी काही तासांत वाचता येत होती, म्हणून हा अंगात उतरलेला शेजारही वाचता येत होता. आणि त्याची बनावट प्रत कुठल्याही एजंटला काढता येत नव्हती.

नियम सोपा होता. ज्या घराचे वाण त्याच बोळातल्या निदान दोन राहत्या घरांशी जुळतील ते घर रुजलेलं. एक अपवाद मात्र केतकीने स्वतः घालून दिला. दह्यातले जिवाणू मोजायचे नाहीत. कारण सरळ होतं. सगळं शहर त्याच दोन-तीन कंपन्यांचं डब्यातलं दही खातं. ते मोजलं तर कालपरवा आलेला इंजिनिअरही सगळ्या शहराचा जुना शेजारी ठरेल. समितीने हा मुद्दा चर्चेविना मान्य केला. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्याच घरी दही लावलं जात नव्हतं.

निकाल आला तेव्हा सगळा रंगारी बोळ रुजलेला निघाला. फक्त एक घर राहिलं. मेहरूनबी मणेर, बोळाचं शेवटचं घर.

केतकीने तो निकाल पुन्हा तपासायला लावला आणि पुन्हा तोच आला. मेहरूनचाची या बोळात नवी नवरी म्हणून आली होती आणि आता सत्तरी ओलांडून कधीच पुढे गेली होती. तिच्याआधीपासून बोळात राहणारं एकही माणूस आता उरलं नव्हतं. तिचा नवरा आणि ती बांगड्या भरायचे. बोळातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक डोहाळजेवणात चाचीने हात हातात घेऊन चुडा भरला होता. कुणाचं मनगट किती मऊ आहे हे तिला ठाऊक होतं. पण चुडा भरताना ती बसायची पायरीवर. हिंगमिऱ्यांच्या खिडकीत तिच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे, आणि तो तिने स्वतःच विसळून जागेवर ठेवायचा असे. पुराणिकांकडे तर कपही नव्हता. तिच्या घरी जाऊन कुणी जेवलं नव्हतं, पाणी प्यायलं नव्हतं. नवरा गेला, बोटं सांध्यांनी आखडली, तेव्हा बांगड्याही सुटल्या. यंत्राने जे होतं तेच वाचलं होतं. बोळ त्या बाईच्या अंगात उतरला नव्हता, कारण बोळाने तिला उतरू दिलं नव्हतं.

बातमी सांगायला केतकी स्वतः गेली. पुढच्या सोमवारी वॉर्ड ऑफिसात सुनावणी होती. घरमालक धनवड्यांचा वकील नोटीस घेऊन तयारच होता. चाचीने तिला आत बोलावलं. या घराच्या आत आपण पहिल्यांदाच बसतो आहोत हे केतकीच्या ध्यानात आलं ते पाटावर बसल्यावर.

चाचीने सगळं ऐकून घेतलं. कोल्हापूरला पुतण्या आहे, त्याच्याकडे एक खोली रिकामी आहे, असं म्हणाली. मग म्हणाली, यंत्र खोटं बोललेलं नाही. आवाजात कडवटपणा नव्हता, दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. उन्हाचं आली आहेस, ताक घे, म्हणून तिने पेला पुढे केला.

केतकीने पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

ते आईचं ताक होतं. तीच किंचित गोडसर सुरुवात, तोच मागून येणारा आंबटपणा, तोच दाटपणा. वर्षभराहून अधिक काळ तिने ही चव घेतली नव्हती. ही चव आईबरोबर गेली असं तिने धरून ठेवलं होतं. चाची तिच्याकडे बघत होती. केतकीने पेला उचलून सगळं ताक संपवलं आणि ती उठली.

आई गेल्या वर्षी गेली होती. या बोळात नाही, केतकीच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आईचे गुडघे दुखत होते, मोरीत ती एकदा घसरली होती, एकटीने राहणं धोक्याचं होतं. हे सगळं खरं होतं आणि केतकीने ते सगळ्यांना पटवून दिलं होतं. आईला फारसं विचारलं नव्हतं. ज्या आठवड्यात तिने कायद्याच्या मसुद्यासाठी विस्थापनाची व्याख्या लिहिली, त्याच आठवड्यात टेम्पोने आईचं सामान आणलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही.

आईने येताना एका स्टीलच्या पेलीत विरजण आणलं होतं. बोळात तिच्या विरजणाची ख्याती होती. कुणाचं दही बिघडलं, कुणी गावाहून परत आलं, की वाटी घेऊन शैलावहिनींच्या दारात यायचं, ही रीत होती. फ्लॅटमध्ये मात्र दूध पिशवीचं यायचं आणि दही डब्यातलं. पेली फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात गेली. एक दिवस केतकीने फ्रीज साफ करताना ती उघडली, वास आला म्हणून ओतून टाकली आणि घासून फडताळात ठेवली. आईने विचारलं, माझी पेली कुठे आहे गं. केतकीने सांगितलं आणि वर म्हणाली, अगं दही काय, फोन केला की दहा मिनिटांत येतं.

"हो, येतं की," आई म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

प्रयोगशाळेत आल्यावर केतकीने रंगारी बोळाचे नमुने पुन्हा उघडले आणि आपणच गाळायला सांगितलेले दह्याचे जिवाणू परत आत घेतले. घरचं विरजण कंपनीच्या दह्यासारखं नसतं. कंपनीचा वाण कारखान्यात दर वेळी नव्याने त्याच मूळ साठ्यातून येतो, तो बदलत नाही. घरी मात्र कालच्या दह्यातून आजचं लागतं, आजच्यातून उद्याचं. दर वेळी नकलेत बारीकशी चूक होते, ती चूक पुढच्या दह्यात जाते आणि साठत राहते. एका घरातून दुसऱ्या घरात विरजण गेलं की तिथून त्याची वेगळी फांदी फुटते. कुठल्या घरात कुठल्या चुका आहेत हे मांडत गेलं की झाड उभं राहतं. विरजण आधी कुठे होतं, कुणी कुणाला दिलं, साधारण कधी दिलं, सगळं त्यात येतं. रोज दही खाणाऱ्याच्या पोटात हे जिवाणू सापडतातच.

आईचा नमुना लागणार होता. चाचणीच्या अगदी पहिल्या फेरीत, पद्धत बसते का हे पाहायला, केतकीने आईलाच डबी दिली होती. तेव्हा आई बोळात होती. तो नमुना उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होता आणि त्यातले जिवाणू नुसते गोठलेले होते, मेलेले नव्हते. आईचं जिवंत असं काही या जगात उरलं असेल तर ते तिथे होतं. केतकीने मोजे घातले, कुपी काढली आणि लागेल तेवढंच घेऊन परत ठेवली.

झाड पडद्यावर उभं राहिलं. पुराणिकांचं घर, लोहारांचं घर, बोळातली दही लावणारी झाडून सगळी घरं एकाच फांदीवर होती आणि ती फांदी आईच्या घरातून निघाली होती. इथवर तिला अपेक्षित होतं. पण आईचं घर झाडाच्या बुंध्याशी नव्हतं. बुंध्याशी मेहरूनचाचीचं घर होतं. तिथून एकच फांदी निघाली होती, आईकडे. चुकांच्या संख्येवरून यंत्राने ही फांदी पहिल्यांदा फुटण्याचा काळ काढला होता, तो आईच्या लग्नाच्या सुमाराचा होता.

म्हणजे सगळा बोळ चाचीचं दही खात होता. शैलावहिनींच्या हातून.

केतकीने दिवा लावला नाही, ती खुर्चीतून उठली नाही. तिला परसदार आठवत होतं. ती चार-पाच वर्षांची असेल. आजी दुपारची झोपली असताना आई तिला सांगायची, केतू, इथे उभी राहा आणि आजी उठली तर मला हाक मार. मग आई परसातून पलीकडे जायची आणि पदराखाली काहीतरी झाकून परत यायची. काय आणलंस, असं केतूने कधीच विचारलं नाही. लहान होती म्हणून विचारलं नाही, की विचारायचं नसतं हे मुलालाही कळतं म्हणून? आणि मग समितीतला तो अपवाद. दही मोजायचं नाही. तिने दिलेलं कारण शास्त्रीय होतं, बिनचूक होतं, आजही कुणी विचारलं असतं तर तिने तेच दिलं असतं. पण ते एकच कारण होतं का, हे तिला आता शपथेवर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चाचीकडे गेली. झाड बघून चाची हसली. म्हणाली, एवढंसं दही, आणि केवढा पसारा. मग तिने जे सांगितलं ते असं. शैलाचं नवं लग्न झालेलं होतं. सासू कडक. आल्या आल्या शैलाकडून घरचं विरजण नासलं. बोळात मागायला जावं तर सासूच्या कानावर जाणार. ती परसात रडत उभी होती, चाचीने भिंतीवरून पाहिलं. चाचीने माहेराहून आणलेलं विरजण होतं, तिने चमचाभर वाटीत घालून दिलं. सासूने दुसऱ्या दिवशी दही खाल्लं आणि असं दही या घरात कधी लागलं नव्हतं म्हणून सुनेची तोंडभरून स्तुती केली. मग सांगणार कसं? पुढे बोळातल्या बायका मागायला येऊ लागल्या, तेव्हा तर तो प्रश्नच मिटला. शैलाकडचं कधी बिघडलं की ती दुपारी परसातून यायची. तिने चाचीकडून शब्द घेतला होता, हे कुणाला सांगायचं नाही.

कायद्याप्रमाणे एखाद्या घराच्या पोटातली माहिती त्या घराच्या संमतीशिवाय उघड करता येत नव्हती. केतकीने समजावून सांगितलं. चाचीने हो म्हटलं की झाड सुनावणीत ठेवता येईल. ते एकदा ठेवलं की चाचीचं घर कुणाच्या बापाला हलवता येणार नाही.

"नको," चाची म्हणाली.

केतकीने कारण विचारलं.

"त्या बायांनी झाकून खाल्लं, ते मी उघडं करू? घरासाठी? उद्या त्याच बोळात त्यांच्यासमोरून मला चालायचंय बेटा. आणि मी शब्द दिलाय. जिला दिला ती मेली. आता तो सोडवून घ्यायला कुणाकडे जाऊ?"

मी तिची मुलगी आहे, मी सोडवते, असं म्हणायची ती जागा होती. केतकीला ती जागा स्पष्ट दिसली. आईच्या दह्याचं कौतुक करणारे सगळे चेहरेही दिसले. आईच्या दिवसांना आलेल्या बायका, शैलाच्या हाताची चव गेली म्हणून डोळे पुसणाऱ्या पुराणिककाकू. तो कान तुटलेला कप दिसला. दही झाकून आणणारी आणि तो कप खिडकीत ठेवणारी बाई एकच होती, हे सगळ्या बोळाला कळलं असतं.

"ठीक आहे चाची," ती म्हणाली. "तुमच्या मर्जीबाहेर मी जाणार नाही."

बाहेर पडताना तिला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला बोळ संपायच्या आत लाज वाटू लागली.

सोमवारी वॉर्ड ऑफिसचं सभागृह भरलं होतं. रंगारी बोळाला संरक्षणाचे दाखले मिळायचे होते, म्हणून बायका नटून आल्या होत्या. सुरेखाने ठेवणीतली साडी नेसली होती आणि माझ्या घराला कापसाच्या काडीने वाचवलं, असं ती येईल-जाईल त्याला सांगत होती. सुनावणी अधिकारी यादवाडकर हे शांत, थोडे कंटाळल्यासारखे दिसणारे गृहस्थ. एकेका घराचं नाव पुकारलं गेलं, दाखले दिले गेले. शेवटी मणेरांचं नाव आलं. धनवड्यांच्या वकिलाने उभं राहून सांगितलं की या घराचा बोळाशी काही संबंध नसल्याचं खुद्द पालिकेच्याच चाचणीत सिद्ध झालं आहे, तेव्हा घर रिकामं करण्याचा आदेश व्हावा. मेहरूनचाची मागच्या रांगेत बसली होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

यादवाडकरांनी केतकीकडे पाहिलं. "डॉक्टर, या घराच्या बाजूने तुमच्या विभागाकडे आणखी काही पुरावा आहे का?"

झाड तिच्या लॅपटॉपमध्ये होतं. लॅपटॉप समोर उघडा होता.

"नाही," केतकी म्हणाली.

यादवाडकर लिहायला लागले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आहे," पुराणिककाकू म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. एका हातात पालिकेचा दाखला होता, दुसऱ्या हाताने त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली होती. "ही बाई बोळाची नाही म्हणता, तर मीही नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हिच्या घरचं दही खाते आहे."

वकील हसला. म्हणाला, आजी, दही कुणाकडूनही आणता येतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे तुम्ही ते शैलाबाई हिंगमिरेंकडून आणत होता.

"शैला कुठून आणायची?" काकू म्हणाल्या. "तिच्या परसाला लागून एकच घर होतं."

सुरेखाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "काकू, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुला नव्हतं?"

सुरेखाने पदर नीट केला आणि खाली बघितलं. रांगेतून एक दबलेलं हसू गेलं, मग तेही विरलं. हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं की ठाऊक नसलेलं असं बोळात एकही घर नव्हतं. फक्त प्रत्येक घराला वाटत होतं की ते एकट्या आपल्यालाच ठाऊक आहे.

यादवाडकरांनी लेखणी खाली ठेवली होती. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं ठाऊक होतं तर तुम्ही कधी बोलला का नाहीत?

"विरजण कुठलं, हे मागताना विचारायचं नसतं, साहेब," काकू म्हणाल्या. "विचारलं की घेता येत नाही. म्हणून विचारलं नाही. चांगलं केलं असं मी म्हणत नाही." आणि त्या खाली बसल्या.

यादवाडकरांची नजर पुन्हा केतकीवर आली. "डॉक्टर, असा काही पुरावा नाही असं तुम्ही आत्ताच सांगितलंत. या बाई म्हणतात त्याला शास्त्राचा काही आधार असू शकतो का?"

केतकीने मागच्या रांगेकडे पाहिलं. मेहरूनचाची आता खिडकीबाहेर बघत नव्हती. तिने आखडलेल्या बोटांचा हात उचलून हवेत जरासा हलवला. "दाखव आता," ती म्हणाली. "झाकायला काय उरलंय?"

केतकीने लॅपटॉप पडद्याला जोडला. झाड भिंतीवर मोठं होऊन आलं. ते कसं वाचायचं हे तिने समजावून सांगितलं. तिचा आवाज नीट होता, अशा सभांची तिला सवय होती. बुंध्याशी कुठलं घर आहे ते तिने सांगितलं. पहिली फांदी कुठल्या घराची हेही सांगितलं, आणि ते आपल्या आईचं घर आहे हेही. पुढे ती एक वाक्य बोलणार होती, हे मला आधीपासून माहीत होतं, असं. ते बोलायची गरज पडली नाही. ते सगळ्यांना दिसतच होतं.

वकिलाने हरकत घेतली की मधलं घर आता बंद आहे, नियमाप्रमाणे बंद घर मोजायचं नसतं, आणि मणेरांचा बाकी कुणाशी थेट संबंध नाही. यादवाडकरांनी नियम मागवून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले की वाण जुळले पाहिजेत एवढंच इथे लिहिलं आहे, ते कुणाच्या हातून आले याबद्दल एक अक्षर नाही. दह्याचा अपवाद डब्यातल्या दह्यासाठी आहे, घरच्या विरजणाला तो लागत नाही असं त्यांनी ठरवलं आणि विभागाने तो तसा स्पष्ट लिहावा असा शेरा मारला. मेहरूनबी मणेर यांच्या घराला संरक्षण मिळालं.

बाहेर पडवीत बायका चाचीभोवती जमल्या. सुरेखा एकदम रिक्षाचं बघू लागली. पुराणिककाकू पायऱ्या उतरता उतरता थांबल्या आणि चाचीकडे न बघता म्हणाल्या, शैला गेल्यापासून माझं दही नुसतं आंबट होतंय, उद्या सुनेबरोबर वाटी पाठवते.

"पाठवू नका," चाची म्हणाली. "या."

काकूंनी मान डोलावली की नुसता पदर सावरला, ते कळलं नाही. त्या उतरून गेल्या.

केतकी चाचीला गाडीपर्यंत हाताला धरून घेऊन गेली. तो हात वाळक्या शेंगेसारखा हलका होता. कितीतरी मनगटं याच हाताने धरली होती, तिचंही धरलं होतं. तिने बोलायला सुरुवात केली. चाची, मी आत नाही म्हणाले, ते, म्हणजे तुम्ही नको म्हणाला होता म्हणून, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

चाचीने तिच्या हातावर दोनदा थोपटलं.

"तू गप्प राहिलीस," ती म्हणाली. "अगदी आईवर गेलीस."

आई गेल्यापासून केतकी या एका वाक्याची वाट पाहत होती. दिवसांना आलेल्या नातलगांपैकी कुणीतरी ते म्हणेल असं तिला वाटलं होतं. नाक-डोळे बघून, नाहीतर चालण्यावरून, आवाजावरून, कशावरूनही. कुणी म्हटलं नव्हतं. चाची गाडीत बसली, तिने पाय आत घेतले, ओढणी दारात अडकणार नाही अशी सावरली. ते तिने मायेने म्हटलं होतं की कसं, हा प्रश्न केतकीच्या जिभेवर आला होता. तिने दार हळूच लावून घेतलं आणि ती पलीकडच्या बाजूने जाऊन बसली.

तिने विचारलं नाही.